वस्तीचं नाटक, वस्तीच्याच तोंडून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुदाय रंगभूमीच्या शिबिरांत पहिल्या दिवशी जे प्रश्न येतात, तेच थोड्या फरकाने शेवटच्या दिवशीही येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे आम्ही स्वतः पुष्कळदा ठेचकाळलो आहोत.

पथनाट्य आणि समुदाय रंगभूमी एकच का?

शेजारी आहेत, एकच नाहीत. 'पथनाट्य' हा शब्द नाटक कुठे होतं ते सांगतो: चौकात, बाजारात, कारखान्याच्या फाटकाबाहेर. समुदाय रंगभूमीत मुख्य प्रश्न नाटक कोणाचं, हा असतो. ज्यांच्यावर बेततं त्यांनीच गोष्ट निवडायची, बांधायची आणि उभी करायची. बाहेरचा माणूस असतो, पण मदतनीस म्हणून. महाविद्यालयातली दहा मुलं वस्तीत येऊन वीस मिनिटांत स्वच्छतेचं महत्त्व सांगून गेली, तर ते पथनाट्य झालं. त्याच वस्तीतल्या बायकांनी 'कचऱ्याची गाडी आपल्याच गल्लीत का शिरत नाही' यावर प्रवेश बसवला आणि गाडीवाल्याचं काम त्यांच्यातल्याच एकीने केलं, तर ती समुदाय रंगभूमी. जागा तीच असेल, डफही तोच असेल.

नाटकाने समाज खरंच बदलतो का?

नाटकाने नळाला पाणी येत नाही. हे आधीच कबूल करून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जातं.

नाटक करतं ते याच्या अलीकडचं काम. घराघरात जो त्रास 'आमचंच नशीब' म्हणून गिळला जातो, तो चारचौघांत मांडला की लक्षात येतं, हे शेजारीही गिळताहेत. दुसरं म्हणजे सराव. अधिकाऱ्यापुढे, मालकापुढे, सासऱ्यापुढे उभं राहिलं की जीभ टाळ्याला चिकटते. काय बोलायचं ते रात्री अंथरुणात सगळं सुचतं, ऐन वेळी तोंडातून शब्द फुटत नाही. तो फुटायचा तर आधी कुठेतरी बोलून पाहायला हवं, चुकायला हवं, हसं करून घ्यायला हवं. ब्राझीलचे नाटककार-दिग्दर्शक ऑगुस्तो बोआल (१९३१–२००९) नाटकाला क्रांतीची तालीम मानत. 'क्रांती' हा शब्द तुम्हाला जड वाटत असेल तर सोडून द्या, 'तालीम' तेवढा धरून ठेवा. आमचा सगळा व्यवहार त्या एका शब्दावर चालतो.

हे परदेशातून आलेलं खूळ आहे का?

पद्धतींची नावं परदेशी आहेत, गरज नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' लिहिलं. त्यात भोळ्या कुणबी जोडप्याला जोशी लुबाडतो, विदूषक मध्ये मध्ये येऊन त्यावर टिप्पणी करत राहतो, आणि शेवटी ते जोडपं शिकायला निघतं. हा विदूषक पुढे ज्या 'जोकर'बद्दल बोलायचं आहे त्याचा थोरला भाऊ शोभावा. त्यानंतर सत्यशोधक जलसे आले, आंबेडकरी जलसे आले; तमाशाचा ओळखीचा साचा घेऊन त्यात नवा आशय ओतला गेला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' रंगमंचावर आणलं.

बाहेरच्या उदाहरणांत मला सगळ्यात जवळचं वाटतं ते केनियातलं कामिरीथू. लिमुरूजवळच्या या गावात १९७७ मध्ये शेतकरी, मजूर आणि बेकार तरुणांनी गिकुयू भाषेतलं नाटक बसवलं. संहिता लिहिली होती न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी यांनी. पण तालमी उघड्यावर चालत. येणारेजाणारे थांबत आणि म्हातारी माणसं लेखकांची भाषा दुरुस्त करत: 'या वयाचा माणूस असं बोलत नाही.' दोन हजार माणसं बसतील असं खुलं नाट्यगृह गावकऱ्यांनी स्वतः बांधलं. प्रयोग सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते तोच परवाना रद्द झाला, आणि वर्ष संपता संपता न्गुगी वा थिओंगो तुरुंगात गेले. १९८२ मध्ये ते नाट्यगृहच जमीनदोस्त करण्यात आलं.

फोरम थिएटर म्हणजे नेमकं काय होतं?

एक छोटं नाटक करायचं, ज्यात मुख्य पात्राला काहीतरी हवं असतं आणि शेवटी ते मिळत नाही. गोष्ट वाईटच संपते, संपायलाच हवी. मग तेच नाटक पुन्हा सुरू करायचं. या वेळी प्रेक्षकातला कोणीही 'थांबा' म्हणू शकतो. नट जागच्या जागी थिजतात, प्रेक्षक रिंगणात येतो, त्या पात्राची जागा घेतो आणि स्वतःला सुचेल तसं वागून पाहतो. बाकीचे नट मात्र आपापली भूमिका सोडत नाहीत. सासू सासूच राहते, मालक मालकच.

ही रीत टेबलावर बसून कोणी शोधलेली नाही. बोआल १९७३ मध्ये पेरूत साक्षरता मोहिमेत काम करत होते. तेव्हा त्यांचे नट अर्ध्यावर थांबून प्रेक्षकांना 'आता पुढे काय?' असं विचारत आणि उत्तर स्वतः करून दाखवत. नवऱ्याने फसवलेल्या एका बाईचं नाटक चालू होतं. प्रेक्षकांतली एक धिप्पाड बाई म्हणाली, तिने त्याच्याशी स्पष्ट बोलावं. नटीने स्पष्ट बोलून दाखवलं. 'असं नाही.' पुन्हा केलं. 'असंही नाही.' शेवटी बोआल म्हणाले, तुम्हीच या आणि दाखवा. बाई आली, तिने झाडूचा दांडा उचलला आणि नवरा झालेल्या नटाला चांगला बडवून काढला. 'स्पष्ट बोलणं' म्हणजे काय, ते नटांना तेव्हा कळलं. दुसऱ्याने करून दाखवणं आणि स्वतः करणं यातलं अंतर त्या दांड्याएवढंच होतं म्हणा.

आता आमच्याच एका प्रयोगातलं थोडं जवळून. बांधकामावरच्या मजूर बायकांचं नाटक होतं. आठवड्याच्या शेवटी मुकादम वही उघडतो, पाच दिवसांचे पैसे देतो आणि सहा दिवसांवर अंगठा घेतो. मुख्य पात्र कुरकुरतं, अंगठा देतं, घरी जातं. नाटक संपलं. दुसऱ्या फेरीत एक म्हातारी उठली. ती काही बोललीच नाही. मुकादमाने शाईचं पॅड पुढे केलं तेव्हा तिने अंगठा मुठीत आत दाबून घेतला आणि मूठ पदराखाली नेली. बस्स. मुकादम झालेल्या पोरीची पंचाईत झाली, कारण तालमीत हे कधी झालंच नव्हतं. ती हात ओढायला लागली, म्हातारी हलेना. प्रेक्षकांत हशा, टाळ्या. मग त्या पोरीला सुचलं: 'ठीक आहे मावशी, सोमवारपासून येऊ नका.' हशा एकदम थांबला.

त्या शांततेत जी चर्चा सुरू झाली, तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप. एकजण म्हणाली, सगळ्यांनीच मूठ मिटली तर? दुसरी म्हणाली, सगळ्या मिटत नाहीत, माझ्या घरी तान्हं आहे. तिसरीने विचारलं, पण दिवस सहाच भरले याचा पुरावा काय? वही तर त्याची. या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी मिळालं नाही.

जोकर कोण असतो?

प्रेक्षक आणि नाटक यांच्यामधला दुवा. पत्त्यांतल्या जोकरसारखा तो कोणत्याच रंगाचा नसतो, म्हणून हे नाव. तो नियम सांगतो, लोकांना बोलतं करतो आणि प्रत्येक प्रयत्नानंतर विचारतो: हे जमलं का? खऱ्या आयुष्यात असं होईल का? यात काय गमावलं? स्वतःचं मत त्याने खिशात ठेवायचं असतं. हे लिहायला सोपं आहे. माझा स्वतःचा चेहरा बोलका आहे, आवडलेलं उत्तर आलं की भुवया वर जातात आणि लोक त्या भुवयांकडे बघून पुढची उत्तरं देऊ लागतात. त्यामुळे आता मी शक्यतो जोकर होत नाही.

कोणी उठलंच नाही तर?

पहिली दोन-तीन मिनिटं कोणी उठत नाही. ती शांतता भरून काढायची घाई करू नका. दर वेळी भाषण ठोकून शांतता भरणारा जोकर लोकांना एवढंच शिकवतो की गप्प बसलं तरी चालतं.

तरीही नाहीच कोणी उठलं, तर शेजारच्या माणसाशी दोन मिनिटं बोलायला सांगा आणि मग विचारा. एकट्याने हात वर करणं अवघड असतं, 'आम्हा दोघींना वाटतं' म्हणणं सोपं. बायका पुरुषांसमोर येत नसतील तर आधी फक्त बायकांसाठी प्रयोग करा. आणि कधी कधी कारण फार साधं असतं: रिंगण आणि प्रेक्षक यांच्यात दहा पावलांचं अंतर सोडलेलं असतं. ते तीन पावलांवर आणा. उंच स्टेज तर टाळाच. पायऱ्या चढून वर येणं म्हणजे बक्षीस घ्यायला जाण्यासारखं वाटतं.

प्रेक्षकाने चुकीचा किंवा हिंसक उपाय केला तर?

करू द्या. झाडूचा दांडा आठवा. तालमीत चुकण्याला काही किंमत पडत नाही, म्हणून तर ती करायची. थांबवण्यापेक्षा परिणाम दाखवा: मालकाला कानफटवलं, बरं, आता पुढचा प्रवेश पोलिस चौकीत. नटांनी हे प्रामाणिकपणे खेळलं की जोकरला उपदेश करावा लागत नाही.

फक्त दोन जागी हस्तक्षेप करावा. नटाला खरोखर इजा होत असेल तर. आणि 'जादू' झाली तर, म्हणजे जुलमी पात्र एका वाक्यात सुधारलं किंवा अचानक लॉटरी लागली तर. तेव्हाही निकाल प्रेक्षकांकडूनच घ्या: हे खरं वाटतं का? लोक हसून 'नाही' म्हणतात आणि पुढे जातात.

नाटकातून कोणता संदेश द्यावा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि माझ्या मते हाच चुकीचा आहे.

बोआल यांनी स्वतःच सांगितलेला एक प्रसंग आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते आपला संच घेऊन ब्राझीलच्या ईशान्य भागात शेतकऱ्यांपुढे नाटक करत होते. शेवटी सगळे नट बंदुका उंचावून गात, जमिनीसाठी आपलं रक्त सांडू! नाटक संपल्यावर व्हिर्जिलियो नावाचा शेतकरी डोळ्यांत पाणी घेऊन आला. म्हणाला, तुमचं-आमचं एकच मत आहे, चला, या बंदुका घेऊन आमच्या जमिनी बळकावणाऱ्यांवर चालून जाऊ. नट गडबडले. बंदुका लाकडी आहेत हो. हरकत नाही, आमच्याकडे खऱ्या आहेत. पण आम्ही कलाकार आहोत, लढणारे नाही. तेव्हा त्या शेतकऱ्याच्या लक्षात आलं की 'आपलं रक्त' म्हणजे फक्त त्याचं रक्त. जो धोका आपण स्वतः पत्करणार नाही तो पत्करायचा सल्ला नाटकातून द्यायचा नाही, हे बोआल तिथे शिकले.

मी प्रत्येक नव्या गटाला हा प्रसंग सांगतो. 'बायकांनो, अत्याचार सहन करू नका' असं रिंगणातून ओरडून आपण गाडीत बसतो. रात्री त्या घरात आपण नसतो. नाटकाने प्रश्न आणावा, शक्य तितका नेमका, आणि उत्तर ज्यांना भोगायचं आहे त्यांच्यावर सोपवावं.

मग विषय कोणी ठरवायचा? निधी देणाऱ्याने विषय दिला असेल तर?

निधी नेहमी विषयासकट येतो: हात धुणे, लसीकरण, व्यसनमुक्ती. हे विषय वाईट नाहीत. पण वस्तीत आठवडाभर नुसतं बसून ऐका. लोक काय बोलतात, काय बोलताना आवाज खाली आणतात, ते बघा. हात धुण्यावर नाटक हवं असतं आणि लोक सांगतात की पाणी रात्री दोनला येतं. नाटक कोणत्या गोष्टीवर व्हायला हवं हे मग वेगळं सांगावं लागत नाही. निधी देणाऱ्याला हे आधीच, लेखी कळवा. काही जण ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांचे पैसे घेऊन जाहिरात करता येईल, पण तिला लोकांचं नाटक म्हणू नका.

आमच्यात कोणालाच अभिनय येत नाही.

उत्तम. ज्यांना येतो त्यांचा अभिनय उतरवण्यात पहिले चार दिवस जातात.

लोकांच्या खऱ्या गोष्टी वापरायच्या का?

वापरायच्या, पण जशाच्या तशा कधीच नाही. आमच्या एका सुरुवातीच्या नाटकात एका मुलीने सांगितलेली घरातली घटना होती. तिची परवानगी होती, नावही बदललं होतं. पण प्रवेशात खिडकीच्या फुटलेल्या काचेला लावलेला निळा पत्रा तसाच राहिला. दिसायला छान वाटतो म्हणून मीच तो ठेवायला सांगितला होता. प्रयोग सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच अर्धे प्रेक्षक त्या मुलीकडे वळून बघत होते. निळा पत्रा गल्लीत एकाच घराला होता. ती पुढच्या तालमीला आली नाही, आणि तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

तेव्हापासून गट मिळून तीन-चार जणांच्या गोष्टी एकत्र कालवतो, घराची जागा, नाती, वस्तू बदलतो आणि पहिली रंगीत तालीम फक्त ज्यांच्या गोष्टी आहेत त्यांच्यापुढे करतो. परवानगी एकदा घेऊन संपत नाही. प्रयोगाच्या सकाळी पुन्हा विचारायचं, आणि 'नको' म्हटलं तर तो प्रवेश गाळायचा, मग नाटक लंगडं झालं तरी चालेल.

विनोद चालतो का?

विनोदाशिवाय लोक उभे राहत नाहीत. पण हसू कोणाच्या बाजूने जातंय ते बघावं लागतं. आमच्या एका नाटकात दारूबाज नवऱ्याचं काम करणारा नट इतका रंगायचा की त्याच्या एंट्रीला शिट्ट्या पडत. बायकोला मारायच्या प्रवेशातही लोक हसत राहिले. तिसऱ्या प्रयोगानंतर एक बाई शांतपणे म्हणाली, 'आमचा माणूस आता घरी तुमच्यासारखंच झुलत येतो, वरून विचारतो, जमलं का?' आम्ही त्या पात्राचं झुलणं काढून टाकलं. तो आता शुद्धीत, हळू आवाजात बोलतो. आता तिथे कोणी हसत नाही.

नाटक किती वेळाचं असावं?

पंधरा ते वीस मिनिटं. चर्चेला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ ठेवा.

यात धोका असतो का?

असतो, आणि तो बहुधा स्थानिकांना असतो, आपल्याला कमी. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळच्या झंडापूर इथे दिल्लीच्या जन नाट्य मंच या पथनाट्य संस्थेचा 'हल्ला बोल'चा प्रयोग चालू असताना हल्ला झाला. राम बहादुर हा कामगार मारला गेला आणि दुसऱ्या दिवशी संस्थेचे नाटककार-दिग्दर्शक सफदर हाश्मी गेले. ४ जानेवारीला सफदर यांच्या पत्नी मोलयश्री हाश्मी आणि त्यांच्या साथीदारांनी त्याच जागी अर्धवट राहिलेला प्रयोग पूर्ण केला. हे धैर्य मोठं आहे, पण ते त्यांनी स्वतः निवडलेलं होतं. दुसऱ्याच्या वतीने धैर्य निवडायचा अधिकार दिग्दर्शकाला नसतो.

म्हणून प्रयोगाआधी गटाने बसून ठरवावं: कोण चिडू शकतं, त्याच्या शेतावर किंवा साइटवर आपल्यापैकी कोण कामाला जातं, कोणाच्या घराचं भाडं त्याच्याकडे आहे. आवश्यक त्या परवानग्या घ्या. चर्चेत कोणी मारहाणीची, छळाची खरी गोष्ट उघड केली तर त्याच संध्याकाळी त्या व्यक्तीशी बोलणारं, कायदा किंवा समुपदेशन जाणणारं माणूस हजर हवं. ते नसेल तर तो विषय घेऊ नका.

परिणाम मोजायचा कसा?

अहवालात प्रयोगांची संख्या आणि प्रेक्षकांची संख्या मागतात. ती द्यावी. पण आमच्या स्वतःच्या वहीत वेगळ्या नोंदी असतात: किती जण रिंगणात आले, त्यात बायका किती, कोण एकदाही बोललं नाही, नाटक न पाहिलेल्या माणसाला ते कोणी सांगितलं.

एकाच जागी परत जाणं हा सगळ्यात चांगला मापदंड आहे. पश्चिम बंगालमध्ये १९८५ पासून काम करणारी जन संस्कृती ही संस्था त्याच गावात तेच नाटक पुन्हा पुन्हा नेते. पहिल्या वेळी लोक गोष्ट बघतात, पुढच्या वेळी आपणच गेल्या खेपेला दिलेली उत्तरं तपासतात. शंभर गावांत एकेक प्रयोग केल्याचं अहवालात चांगलं दिसतं. मला विचाराल तर पाच गावं घ्या.

नाटक संपल्यावर पुढे काय?

बोआल १९९३ ते १९९६ रिओ दि जानेरोच्या नगरपालिकेत निवडून आलेले सदस्य होते. वस्त्यांतल्या फोरम प्रयोगांत लोक जे सुचवत ते टिपून, वकिलांकडून त्याचे मसुदे करून ते सभागृहात नेत. अशा रीतीने १३ कायदे मंजूर झाले. पालिकेच्या रुग्णालयांत वृद्धांच्या आजारांचे तज्ज्ञ असावेत, हा त्यातलाच एक. प्रत्येक गटाच्या हाती नगरसेवक नसतो, पण टिपून घेणारा एक माणूस असू शकतो. लोकांनी सुचवलेलं कोणाच्या तरी टेबलापर्यंत पोचायला हवं: ग्रामसभा, संघटना, बचत गट, वकील. ती व्यवस्था पहिल्या तालमीआधी शोधून ठेवा.

आणि कधी कधी लोक आपल्याला न विचारता स्वतःच काहीतरी करून बसतात. त्या बांधकामाच्या साइटवर आम्ही तीन महिन्यांनी परत गेलो. मुकादमाच्या शेडमागच्या भिंतीवर, खाली, गुडघ्याच्या उंचीला कोळशाच्या उभ्या रेघा होत्या. सहा रेघा, मग एक आडवी. प्रत्येक बाईची रांग वेगळी, रांगेपुढे खूण म्हणून कुठे फूल, कुठे मासा, कुठे नुसता ठिपका. म्हातारीच्या रांगेपुढे मिटलेली मूठ काढली होती. जरा बटाट्यासारखी दिसत होती, तिनेच हसत सांगितलं म्हणून कळलं.